ओव्हरटाइमचा सगळा पैसा टॅक्समध्ये जातो, हे कितपत खरं?

शिफ्ट_चाकण: लाइनवरचे जुने ऑपरेटर जानेवारी लागला की ओव्हरटाइम नको म्हणतात. दुप्पट दर असूनही. 'बारा लाखांवर गेलो की सगळं सरकारला' हे एकच उत्तर. आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. एकाचा ओव्हरटाइम सोडून वर्षाचा पगार १२,६०,००० आहे. हिशेब कोणी मांडेल का?

वजावट_बाकी: या माणसाचं बरोबर आहे. ७५,००० प्रमाणित वजावट गेली की करपात्र ११,८५,०००, म्हणजे आयकर कायद्याच्या कलम ८७अ च्या सवलतीमुळे (करपात्र बारा लाखांपर्यंत) कर शून्य. आता ५०,००० ओव्हरटाइम धरा: करपात्र १२,३५,०००. स्लॅबने कर ६५,२५० होतो, पण मार्जिनल रिलीफमुळे, म्हणजे मर्यादा जेमतेम ओलांडणाऱ्याला मिळणाऱ्या सुटीमुळे, तो बारा लाखांवरच्या रकमेइतकाच, ३५,००० राहतो. वर ४ टक्के सेस (करावरचा उपकर) १,४००. पन्नास हजारांतले हातात १३,६००.

हा खड्डा करपात्र १२ लाख ते साधारण १२,७०,५८८ एवढाच आहे. त्यात प्रत्येक जादा रुपयावर १०४ पैसे जातात. सेसचा तोटा भरून निघायला १२,७४,००० च्या आसपास जावं लागतं, पगारात सांगायचं तर साडेतेरा लाख. ज्याचा मूळ पगारच चौदा लाख आहे त्याला मात्र ओव्हरटाइमच्या रुपयातले ८४ पैसे मिळतात. तोही नाही म्हणत असेल तर ती नुसती ऐकीव भीती.

पेरोलवाला: भीतीला पगारपत्रकही जबाबदार. वर्षाचा अंदाज बारा लाखांखाली असेपर्यंत टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा कर, शून्य. फेब्रुवारीत अंदाज ओलांडला की वर्षभराचा कर उरलेल्या दोन पगारांतून कापला जातो. एप्रिलमध्येच ओव्हरटाइमचा अंदाज धरायला सांगा.

दुसरा मार्ग म्हणजे कंपनीमार्फत एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट नव्या प्रणालीतही मिळते. दोन्ही मिळून ६ लाख असतील तर ८४,०००. वरचा माणूस पुन्हा शून्यावर. पण हे पैसे दीर्घकाळ अडकतात, आणि स्वतः भरलेली रक्कम इथे चालत नाही. मार्चमध्ये आठवून उपयोग नाही, पगाररचना आधी बदलावी लागते.

गावाकडचा_हिशेब: हा तरी उतार आहे, योजनांमध्ये सरळ कडा असतो. लाडकी बहीण: कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. २,४५,००० वरून २,६०,००० झालं तर कमाई १५,००० ने वाढली, पण वर्षाचे १८,००० गेले. तिथे मार्जिनल रिलीफ नाही. पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, त्यामुळे ही मर्यादा कागदावरच राहते. चारचाकीची अट मात्र आरटीओच्या नोंदीत दिसते. ट्रॅक्टरला सूट आहे, म्हणून धंद्यासाठी छोटा टेम्पो घेणारा घुटमळतो.

शिफ्ट_चाकण: म्हणजे साडेतेरा लाखांच्या अलीकडे थांबणारे आणि पलीकडे जाऊ शकणारे अशी यादी वेगळी काढायची?

वजावट_बाकी: हो. पण एफडीचं व्याजही त्याच करपात्र रकमेत धरा, बहुतेक जण तिथेच चुकतात.