समुद्रातली चिखलाची आग आणि बेळगावात बांगड्याला नकार

टिळकवाडीकर: रविवारी मासळी बाजारात एक काकू बांगडा घेता घेता थांबल्या. कारण काय, तर मोबाईलवरचा व्हिडिओ : रात्रीच्या समुद्रातून आगीचा लोळ, खाली ओळ “कारवारजवळ ज्वालामुखी”. अहो, ती आग कास्पियन समुद्रातली, अझरबैजानची, 4 जुलै 2021 ची. दाशली बेटावरचा चिखलज्वालामुखी फुटला होता. आपण साडेसातशे मीटर उंचीवर बसून कसली भीती घालून घेतोय? असल्या विषयांची चर्चाच बंद करा.

खानापूरची सून: चर्चा बंद कशाला? व्हिडिओ खोटा, म्हणून विषय खोटा होत नाही. आमच्या गोबरगॅसच्या टाकीकडं या. बाहेर आलेल्या शेणकाल्यावर पापुद्रा धरतो, मधोमध हळूच फुगतो, फुटला की गार शिंतोडे साडीवर. समुद्रतळाशी तेच, फक्त शेणकाल्याच्या जागी कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ. त्यात दाबलेलं पाणी आणि वायू, बहुतेक मिथेनच, चिखल घेऊन वर येतात. लाव्हा नसतोच. वायूला ठिणगी मिळाली तरच आग.

निपाणीचा तंबाखू: वहिनी, सगळं खरं, पण ते आपल्याकडं कुठाय? 24 सप्टेंबर 2013 ला बलुचिस्तानात 7.7 चा भूकंप झाला आणि ग्वादरसमोर समुद्रातून चिखलाचं बेट वर आलं. लोक होड्या घेऊन बघायला गेले, तर भेगांतून वायू बुडबुडत होता. काही वर्षांत लाटांनी ते धुऊनही नेलं. तिथं एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतोय, गाळ खरवडून त्याच्या थप्प्या लागल्यात. कोकणासमोर तसली सरकती सीमा नाही. मी टिळकवाडीकरांच्या बाजूनं.

शहापूर_रिगवाला: मी नाही. भाऊ, मी मुंबईच्या समुद्रात रिगवर, म्हणजे तेल-वायूच्या विहिरी खोदायच्या फलाटावर, काम करतो. आम्हाला बेटाची भीती नाही, तळाखाली थोड्याच खोलीवर अडकलेल्या वायूची आहे. रिगचे पाय टेकवायच्या आधी ध्वनिलहरींनी तळ तपासतात, तो त्याचसाठी. ड्रिल अशा कप्प्यात घुसलं तर वायू उसळतो, पायाखालची माती भुसभुशीत होते. त्या दाशलीपासून उमीद वायूक्षेत्र साधारण 10 किलोमीटरवर होतं. रिग वाचल्या, पण म्हणून तपासणी सोडायची काय?

गणपत गल्ली: जहाजं पण बुडतात म्हणे बुडबुड्यांनी. बर्म्युडा ट्रँगल!

शहापूर_रिगवाला: टाकीत प्रयोग केलेत, खूप बुडबुडे सोडले तर छोटी प्रतिकृती बुडते. बर्म्युडात तसं घडल्याचा पुरावा नाही. ते इथं घुसडू नका की.

निपाणीचा तंबाखू: आणि 1945 ची मकरानची, म्हणजे त्याच बलुचिस्तानच्या किनाऱ्याची, त्सुनामी? ती मुंबईपर्यंत आली होती.

खानापूरची सून: ती भूकंपानं आली. चिखलाची बेटं त्या वेळीही वर आली होती, पण लाट काही त्यांनी उठवली नाही. दोन्ही एकाच पिशवीत भरू नका.

टिळकवाडीकर: बरं, रिगवर तपासणी हवी, मान्य. चर्चा बंद करा म्हटलं, ते मागं घेतो. पण त्या काकूंना अझरबैजान कुठं ते कोण सांगणार? मी सांगितलं, तर म्हणाल्या, “तुमचा भाचा मासे विकतो, तुम्ही असंच बोलणार.”