न्यूझीलंडमध्ये भाड्याची गाडी : चालवणारी मी एकटी, क्रेडिट कार्ड नवऱ्याचं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की एप्रिलच्या शेवटी आम्ही पाच जण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर निघालोय. मी, नवरा, लेक (९), लेकरू (५) आणि माझी आई (७१). मुंबई-सिंगापूर-क्राइस्टचर्च अशी तिकिटं काढून झाली, परत येताना क्वीन्सटाऊनहून ऑकलंडमार्गे. मधले अकरा दिवस गाडी भाड्याने घेऊन फिरायचं ठरवलंय.

टूर कंपनीबरोबर न जाण्याचं कारण आई. तिने कोकणातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. तिच्या जुन्या नकाशावहीत तिथल्या माऊंट कुक शिखराची उंची ३,७६४ मीटर छापलेली आहे. १९९१ साली त्याचा माथा ढासळला आणि आता उंची ३,७२४ मीटर धरतात, हे कळल्यावर तिने छापील आकड्यावर पेन्सिलीने बारीक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहिला. टास्मान हिमनदीच्या तोंडाशी आज जो भलामोठा तलाव आहे, तो त्या वहीत नाहीच, कारण पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी तिथे तलावच नव्हता, बर्फ होता. तो तलाव तिला डोळ्यांनी बघायचाय, आणि बघून झाला की लगेच बसमध्ये चढायचं नाहीये. गुडघे दुखतात, मध्येच थांबावं लागतं. त्यामुळे आपली गाडी हवी.

गाडी मीच चालवणार. नवरा गाडी शिकलाच नाही. माझं लायसन्स २००९ चं, कोल्हापूर-पुणे तर पाठच आहे, पावसाळ्यात धुक्यातून आंबा घाटही कितीदा उतरलेय. तिकडेही डाव्या बाजूनेच चालवायचं. तेव्हा रस्त्याची धास्ती थोडीच आहे. धास्ती आहे ती काउंटरची.

२०१९ ला मॉरिशसला गेलो होतो. गाडीचे पैसे इथूनच ऑनलाइन भरलेले. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझं लायसन्स पाहिलं, मान डोलावली आणि डिपॉझिटसाठी कार्ड मागितलं. मी माझं डेबिट कार्ड दिलं, तर ते चालत नाही म्हणाली. मग नवऱ्याने त्याचं क्रेडिट कार्ड पुढे केलं. तिने कार्डावरचं नाव वाचलं, माझ्या लायसन्सवरचं वाचलं आणि कार्ड काउंटरवरून परत सरकवलं : जो गाडी चालवणार त्याच्याच नावाचं कार्ड पाहिजे. लेक तेव्हा अडीच वर्षांची, ट्रॉलीवर बॅगांच्या मध्ये झोपलेली. दोन तास विनवण्या केल्या. गाडी मिळाली नाही, भरलेल्या पैशांतला रुपयाही परत आला नाही, सगळी सुट्टी टॅक्सीने काढली. या वेळी आई बरोबर आहे, तिला तसं ताटकळत बसवायचं नाही मला.

म्हणून विचारते :

माझ्या नावाचं क्रेडिट कार्ड नाही. नवऱ्याच्या कार्डावर माझ्या नावाचं ॲड-ऑन कार्ड काढलं तर काउंटरवर चालेल का? फॉरेक्स कार्डावर डिपॉझिट घेतात का?

आलेल्या कोटेशनमध्ये विमा धरलेला आहे, पण 'एक्सेस ४,००० डॉलर' असं लिहिलंय, म्हणजे नुकसान झालं तर तेवढा वाटा आपला. रोजचे जादा पैसे भरले तर तो शून्य होतो. अकरा दिवसांचा हिशोब केला तर ती रक्कम चांगलीच जड जाते. तो घ्यावा का?

लायसन्स गेल्या वर्षीच नूतनीकरण करून आलंय. नवीन तारीख बघून 'तुम्ही नवशिक्या' म्हणाले तर? आणि इंटरनॅशनल परमिट काढावंच लागतं का?

लेकरासाठी चाइल्ड सीट इथून न्यावी की तिकडे घ्यावी?

आणि मिलफर्ड साऊंड, ती डोंगरांत घुसलेली समुद्राची खाडी. आम्ही तिथे ५ मेच्या आसपास असू. कोणी म्हणतं रस्ता सोपा आहे, कोणी म्हणतं बर्फ असतो.

ज्यांनी स्वतः तिथे गाडी चालवली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी क्राइस्टचर्चला राहतो, गावाकडून आलेल्या पाहुण्यांना गाड्या घेऊन द्यायचं काम दरवर्षी माझ्याकडेच असतं. एकेक करून सांगतो.

ॲड-ऑन कार्डावर तुमचं नाव छापलेलं असतं, काउंटरवर तेच बघतात. चालतं. पण मर्यादा मूळ कार्डाचीच असते, हे विसरू नका. डिपॉझिटची रक्कम गाडी परत करेपर्यंत अडकून राहते आणि नंतरही सुटायला काही दिवस लागतात. त्याच कार्डावर हॉटेलं बुक केली असतील तर ऐनवेळी मर्यादा संपते. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, तो ॲड-ऑन कार्डासाठी वेगळा चालू करावा लागतो का तेही बँकेला विचारा. फॉरेक्स कार्डाच्या भरवशावर अजिबात येऊ नका, ते प्रीपेड धरतात आणि बहुतेक ठिकाणी नाकारतात. मशीनवर 'रुपयांत की डॉलरमध्ये' असं विचारलं तर डॉलर निवडा, रुपयांचा दर आपल्याला महाग पडतो.

लायसन्सवर मजकूर इंग्रजीत असेल तर न्यूझीलंडच्या कायद्याने परमिट लागत नाही. तरी काढून ठेवाच. आरटीओत फॉर्म ४-ए भरायचा, फी १,००० रुपये, वर्षभर चालतं. एखाद्या काउंटरवर मागितलंच तर वाद नको. नवीन लायसन्सवर पहिल्यांदा लायसन्स कधी मिळालं ती तारीखही छापलेली असते, तिथे बोट ठेवून दाखवा. मूळ लायसन्स हातात हवं, मोबाइलमधल्या लायसन्सवर विसंबू नका. आणि एक बघा, पासपोर्टवर, लायसन्सवर आणि कार्डावर तुमचं नाव एकसारखं आहे का? आपल्याकडे एकावर नवऱ्याचं नाव मध्ये, दुसऱ्यावर आडनाव आधी, तिसऱ्यावर माहेरचं नाव असा घोळ असतो. ॲड-ऑन कार्डाचा अर्ज भरताना पासपोर्टवर आहे तसंच नाव घाला.

आता एक्सेस. चूक कोणाचीही असो, नुकसानीतले पहिले ४,००० डॉलर तुमच्या कार्डातून जातात. समोरच्याची चूक ठरली तर पुढे परत मिळतात, पण तोवर तुम्ही कोल्हापुरात. इथे गाडीचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा नाही, समोरच्याकडे विमा असेलच असं नाही. घरात एकच चालक, पाच माणसं, अनोळखी रस्ते. माझं मत स्पष्ट आहे : शून्य एक्सेस घ्या. पण त्यातही काच आणि टायर धरलेत का ते वाचा. इथले रस्ते डांबरावर खडी दाबून केलेले असतात, पुढच्या गाडीच्या चाकातून खडा उडून काचेला टवका जाणं अगदी नेहमीचं. माणसांना अपघातात इजा झाली तर उपचारांसाठी इथली सरकारी एसीसी योजना पाहुण्यांनाही लागू आहे. आजारपणाला ती नाही, त्यामुळे आईंचा प्रवास विमा हवाच.

डिझेल गाडी स्वस्त दिसली तर घाई करू नका. डिझेल गाड्यांना इथे किलोमीटरमागे सरकारी रस्ता-आकार असतो, तो शेवटी बिलात येतो.

रस्त्यावर सगळ्यात आधी शिकायचं ते एकेरी पूल. हमरस्त्यावरही एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल आहेत. पुलाआधी पाटी असते. लाल कडेची गोल पाटी, त्यात तुमच्या दिशेचा बाण छोटा आणि लाल, समोरचा मोठा आणि काळा : तुम्ही थांबायचं. निळ्या चौकोनात तुमचा बाण मोठा आणि पांढरा : तुम्ही आधी जायचं, तरी समोर बघूनच. हे कागदावर काढून घरी पाठ करा.

मोकळ्या रस्त्यावर १०० आणि गावात ५० ही मर्यादा आहे. वळणांवर १०० ने जायचं असा त्याचा अर्थ नाही. मागे गाड्या साचल्या की डावीकडे जागा बघून बाजूला घ्या आणि त्यांना जाऊ द्या. इथले लोक खोळंबले की हॉर्न वाजवत नाहीत, पण गाडी डुलताना दिसली की *५५५ वर पोलिसांना कळवतात.

आणि ज्या दिवशी उतराल त्या दिवशी गाडी घेऊन माऊंट कुकच्या वाटेवरच्या टेकापो गावाला निघू नका. सव्वादोनशे किलोमीटर आहे, तीन तास, आणि तुम्ही रात्रभर विमानात असाल. विमानतळाजवळ मुक्काम करा, गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. एका दिवसाचं भाडंही वाचेल.

प्रतिसाद २

वरच्या दादांनी सगळं छान लिहिलंय. माझा अनुभव जोडते, कारण त्यात मला मोठा फटका बसला.

आम्ही गाडी परत केली तेव्हा संध्याकाळ झाली होती, काउंटर बंद. किल्ली पेटीत टाकली आणि विमान पकडलं. ठाण्याला पोचल्यावर बाराव्या दिवशी ईमेल आली : मागच्या बंपरखाली ओरखडा, कार्डातून पैसे वळते केले आहेत. तो ओरखडा आमच्याआधीचा होता की नाही हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही, कारण घेताना मी बंपरच्या खाली वाकून बघितलंच नव्हतं. महिनाभर मेलामेली केली, काही उपयोग झाला नाही.

त्यामुळे गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ काढा. चारही बाजू, चारही चाकांच्या रिम, काच उजेडात तिरकी बघून, टप, बंपरची खालची कड, आतल्या सीट, आणि शेवटी किलोमीटर व इंधनाचा काटा. पाऊस पडत असेल तर फडक्याने पुसून काढा, ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत. कंपनीच्या कागदावर जे आधीचे डाग लिहिलेले असतील त्यात राहिलेले तिथल्या तिथे लिहून सही घ्या. आणि परत करताना काउंटर उघडं असेल अशीच वेळ ठेवा, माणसाला दाखवून 'सगळं ठीक' असं लिहून घ्या.

करारात कुठले रस्ते वर्ज्य आहेत तेही वाचा. क्वीन्सटाऊनजवळचा स्किपर्स रोड जवळपास सगळ्या कंपन्या चालू देत नाहीत. आईंच्या टास्मान तलावासाठी पार्किंगपर्यंत गाडी जाते, त्याच्या पुढचा बॉल हट रोड मात्र बऱ्याच करारांत बाद असतो. तिकडे काही झालं तर शून्य एक्सेसही कामाला येत नाही. पार्किंगपासून तलाव दिसतो त्या जागेपर्यंत पायऱ्या आहेत, बऱ्याच. आईंच्या गुडघ्यांचा विचार करून सकाळ अख्खी मोकळी ठेवा.

प्रतिसाद ३

चाइल्ड सीट : ७ वर्षांखालच्या मुलाला सक्तीची आहे. घरच्या सीटवर युरोपीय ईसीई ४४ मानकाचं लेबल असेल तर तिथे चालते. अकरा दिवसांचं सीटचं भाडं आणि नवीन सीटची किंमत यांची तुलना करून बघा, आम्हाला घरची नेणं परवडलं. आणि पाच माणसं व चार मोठ्या बॅगा साध्या एसयूव्हीत बसत नाहीत. सात सीटची गाडी घ्या, मागची रांग पाडून टाका.

प्रतिसाद ४ (पुन्हा क्राइस्टचर्चहून)

मिलफर्डचं राहिलं होतं. मे ते नोव्हेंबर त्या रस्त्यावर बर्फाचा हंगाम धरतात. पाटी लागली असेल तर चाकांच्या साखळ्या गाडीत असल्याच पाहिजेत, नुसत्या असून उपयोग नाही, लावता आल्या पाहिजेत. साखळ्या वाटेवरच्या 'ते आनाऊ' नावाच्या गावात भाड्याने मिळतात. ते आनाऊपासून साधारण १२० किलोमीटर, दोन तास तरी धरा, आणि वाटेत होमर बोगदा. हिमकडे कोसळण्याच्या टप्प्यात थांबायला मनाई असते. बर्फ पडलेला दिसतो तरी, पण सावलीतल्या वळणावर रस्त्यावर काचेसारखा पातळ थर धरतो, तो दिसत नाही. आंबा घाटाच्या अनुभवाचा तिथे उपयोग नाही ताई, राग मानू नका.

मेच्या पहिल्या आठवड्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जाऊन, बोटीत बसून, परत येईपर्यंत अंधार होतो. गाडी ते आनाऊला ठेवा आणि बसने जा. तुम्हालाही खिडकीतून बघायला मिळेल. बोगद्यापाशी किया नावाचे हिरवे पोपट भेटतील, गाड्यांच्या वायपरचं रबर चोचीने सोलून काढतात. मुलं खूश होतील, आणि गाडी दुसऱ्याची असल्याने तुम्हीही निवांत असाल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. राग कसला, दादा? हेच कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. मिलफर्ड बसने करणार, ठरलं. पहिली रात्र क्राइस्टचर्चलाच. शून्य एक्सेस घेतेय, त्यासाठी क्वीन्सटाऊनचा एक मुक्काम कमी केला आणि तो माऊंट कुकच्या जवळ ट्वायझलला वाढवला, म्हणजे आईला दोन सकाळी मिळतील. एक ढगाळ निघाली तर दुसरी हाताशी.

नावांचा घोळ खरंच निघाला. पासपोर्टवर पूर्ण नाव आहे, लायसन्सवर नवऱ्याच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. इंटरनॅशनल परमिट पासपोर्टप्रमाणे मिळतं का ते आरटीओत विचारून येते, दोन्ही बरोबर ठेवीन. लेकराच्या सीटच्या मागे लेबल सापडलं, ईसीई आर ४४ च आहे.

एकेरी पुलाच्या दोन्ही पाट्या आईने काल वहीच्या पानावर काढल्या, लाल आणि निळ्या पेन्सिलीने. ती पुढे माझ्या शेजारी बसणार आहे आणि पूल आला की बाण वाचून मोठ्याने सांगणार आहे, हे काम तिने स्वतःच मागून घेतलं.

एवढंच सांगा : सात सीटच्या गाडीत मधल्या रांगेत चाइल्ड सीट, त्याच्या शेजारी नऊ वर्षांची मुलगी आणि एक मोठा माणूस नीट बसतात का? नवऱ्याची उंची सहा फूट आहे. ॲड-ऑन कार्डाचा अर्ज सोमवारी देतेय, कार्ड हातात आलं की गाडी बुक करीन आणि इथे कळवीन.