गोसीखुर्द धरणाच्या काठावर बाहेरच्या होड्यांसाठी जेट्टी: पक्की की तरंगती?

पवनीकाठ
आमच्या मच्छीमार संस्थेला बॅकवॉटरच्या (धरणामागे साचलेल्या पाण्याच्या) काठावर बाहेरून येणाऱ्या होड्यांची सोय करायची आहे जी. ट्रेलरवर येणाऱ्या १४ ते १८ फुटी फायबरच्या होड्या, एका वेळी सहा. आज त्या चिखलातून उतरवतात आणि बेशरमच्या झुडपाला बांधतात. पाणी दिवाळीला काठोकाठ, मे महिन्यात लांब. सिमेंटचा धक्का बांधावा की तरंगती जेट्टी? सोबत पाणी, संडास, दिवे लागतील.

ठोकळेवाला
भाऊ, पक्का धक्का नका बांधू. मुंबईला मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं, पण सहा तासांत उतरतं आणि परत येतं. धरणाचं उतरलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय येत नाही. तोवर धक्का कोरड्यात.

आधी जागा नक्की करा. पूर्ण संचय पातळी (धरण पूर्ण भरल्यावरची) २४५.५० मीटर आहे; उन्हाळ्यातली सर्वांत खालची पातळी धरणाच्या कार्यालयातून घ्या. काठाचा उतार १:२० असेल तर पाणी १ मीटर उतरताच काठ २० मीटर मागे जातो. म्हणून काळ्या मातीचा सपाट काठ सोडा. १:८ च्या आसपास उतार असलेली मुरमाची जागा शोधा, गावापासून अर्धा किलोमीटर लांब पडली तरी चालेल.

जेट्टीला प्लास्टिकचे पोकळ ठोकळे घ्या, ५० × ५० × ४० सेंमीचे. चौरस मीटरला चार लागतात आणि तेवढ्यावर साधारण ३५० किलो पेलतं. दोन ठोकळ्यांची वाट पायाखाली डुलते, तीन रुंद ठेवा. १८ मीटर लांब, दीड मीटर रुंद म्हणजे १०८ ठोकळे. दोन्ही बाजूंना तीन-तीन होड्या लागतात. काठाकडची वाट ३-३ मीटरच्या सुट्या तुकड्यांत करा. पाणी उतरलं की जेट्टी पुढे ढकलायची आणि मागे तुकडा जोडायचा. ठोकळे दगडावर टेकू देऊ नका, जोडणीचे कान फाटतात.

खरी चूक नांगरात, म्हणजे जेट्टी जागेवर धरून ठेवणाऱ्या वजनात होते. १०० किलोचा काँक्रीटचा ठोकळा पाण्यात ५८ किलोच भरतो. चार कोपऱ्यांना किमान ४००-४०० किलोचे टाका, साखळी सर्वाधिक खोलीच्या तिप्पट. डाव्या नांगराची साखळी जेट्टीखालून उजव्या कडेला न्या, उजव्याची डावीकडे. म्हणजे ती होडीच्या पंख्याखाली येत नाही. पाणी उतरताना आवळलेली साखळी जुलैत सैल केली नाही, तर चढतं पाणी जेट्टीचं तोंड खाली ओढतं.

ट्रेलर_टोचण
ट्रेलरवरून होडी पाण्यात उतरवायच्या रॅम्पबद्दल. १:७ ते १:८ ठेवा. जास्त खडा केला तर ट्रॅक्टर घसरतो; सपाट केला तर होडी तरंगायच्या आत गाडीची मागची चाकं पाण्यात जातात. काँक्रीट ओलं असतानाच तिरप्या खाचा पाडा, शेवाळावर पाय आणि टायर त्यानेच धरतात. रॅम्पचं खालचं टोक उन्हाळ्याच्या पाण्याच्याही खाली गेलं पाहिजे, नाहीतर चाक कडेवरून खाली पडून धुरा वाकतो.

वर थांबायला मोकळी जागा हवी. लांबून आलेल्या ट्रेलरची बेअरिंग गरम असतात. तशीच पाण्यात घातली की आतली हवा आकसते, पाणी ओढलं जातं आणि ग्रीस दुधासारखं पांढरं होतं. पंधरा-वीस मिनिटं थांबवा. तेवढ्यात होडीच्या तळाचं बूच बसवलं का, तेही बघून होतं.

ढिवरपुरा
जाळ्यांचं कोणीच बोललं नाही. जाळं संध्याकाळी पसरतात, पहाटे काढतात, आणि पाहुण्यांना नेमकं त्याच वेळी फिरायचं असतं. जेट्टीपासून खोल पाण्यापर्यंत ३० मीटर रुंदीची वाट रंगवलेल्या कॅनने आखा. त्या वाटेत जाळं नाही, वाटेबाहेर इंजिन नाही. संस्थेच्या बैठकीत हे आधी ठरवा. फाटलेल्या जाळ्याचे पैसे कोण देणार, तेही.

जलपर्णी रोज सकाळी काढा. ती इंजिन गार ठेवायला पाणी ओढायच्या जाळीत बसते. इंजिनमधून मागे पडणारी त्या पाण्याची पिचकारी बारीक झाली की इंजिन लगेच बंद करून जाळी मोकळी करावी, नाहीतर ते तापून जाम होतं.

बांधायला नायलॉनचा १२ मिमी दोर ठेवा, तो झटका सोसतो. पिवळा-निळा प्लास्टिक दोर तरंगतो आणि पंख्यात गुंडाळला जातो, शिवाय आपल्या उन्हात एका हंगामात भुसा होतो. पुढे-मागे एकेक दोर तर हवाच, पण अवकाळीच्या वावटळीत होडी पुढे-मागे आपटू नये म्हणून दोन तिरपे दोरही लावा.

पवनीकाठ
नमस्कार जी, फार उपयोग झाला. पेट्रोल आणि दिव्यांचं सांगा.

ठोकळेवाला
पेट्रोल विकायचं मनावर घेऊ नका. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंतच बिनापरवाना ठेवता येतं. टाकी होडीतून काढून जमिनीवर भरावी. वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचून राहते. जेट्टीवर सौर दिवेच लावा, २३० व्होल्टची तार पाण्यावर नको. काठावरच्या खोलीला ३० मिलिअँपिअरचा, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच बसवा. संडासाची टाकी २४५.५० च्या रेषेच्या चांगली वर घ्या.