फ्लॅटमध्ये ग्रेट डेन: हौस की छळ?

कट्टेकरी
"टू बीएचकेत ग्रेट डेनसारखा राक्षसी आकाराचा कुत्रा म्हणजे मुक्या जनावराचा छळ," असं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने ठोकून दिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मी स्वतः डेन घ्यायच्या विचारात आहे आणि मला हे अजिबात पटत नाही. ही जात जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीसाठी पोसली गेली हे खरं, पण आजचा डेन सकाळ-संध्याकाळ निवांत फेरी झाली की दिवसभर सोफ्यावर लोळतो. त्याच घरात बीगल हा छोटा कुत्रा आणून बघा, खुर्च्यांचे पाय शिल्लक राहिले तर सांगा. नर खांद्यापाशी 80 सेंटिमीटरच्या वर उंच, वजन 60-70 किलो, तरी पाहुण्याच्या मांडीत बसायला बघणार. (शेपटीच्या टप्प्यात टीपॉयवरचे कप ठेवायचे नाहीत, हे मात्र पाळा.) छळ बंगल्यातही होतो. गेटला बांधलेले डेन पुण्यात कमी दिसत नाहीत. यांना अंगण नको, माणसं हवीत. आणि सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

सातारी_तडका
क्षेत्रफळ राहू द्या, जिन्याचं बोला. यांचं आयुष्यच साधारण 7 ते 10 वर्षं. त्यातलं शेवटचं वर्ष बरेचदा मागचे पाय ओढत जातं. आमच्या डेनला चौथ्या मजल्यावरून जाड सतरंजीची झोळी करून उतरवायचो, चार कोपरे चौघांनी धरून, त्यात एक वॉचमन. लिफ्टमध्ये तो आडवा मावत नव्हता आणि उभा राहू शकत नव्हता. लघवी धरून दाराकडे बघत बसायचा. तुमची ती मार्गदर्शक सूचना तेव्हा कामाला येत नाही.

कट्टेकरी
मी पहिल्या मजल्यावर राहतो.

सातारी_तडका
मग चौघं कोण ते ठरवून ठेवा. पहिल्या मजल्यालाही पायऱ्या असतात.

मांजरप्रेमी_तरी
दोघंही म्हातारपणावर भांडताय. खरी वाट लागते ती पहिल्या दीड वर्षात. पिल्लू "हत्तीसारखं दिसावं" म्हणून लोक कॅल्शियमचं सिरप, अंडी, चिकन सगळं कोंबतात. डेनच्या बाबतीत ते विष आहे. हाडं दीड-दोन वर्षं वाढत असतात. वजन भराभर चढलं आणि कॅल्शियम जास्त झालं की सांधे वाकडे होतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं खाणं मिळतं, ते मोजून द्यायचं, वरून कॅल्शियम नाही. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. शेजारचे "उपाशी ठेवता का हो?" विचारतील, विचारू द्या. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, तिथे रबरी मॅट घाला. गादी जाड घ्या, नाहीतर कोपरांवर घट्टे पडून त्यात पाणी साठतं.

आणि पोटफुगी. पोट हवेने फुगून पिळा पडतो. कुत्रा ओकायला बघतो पण काहीच बाहेर येत नाही, पोट ढोलासारखं वाजतं, जागेवर बसवत नाही. सकाळपर्यंत थांबलात तर कुत्रा गेला. जठर आतून पोटाच्या भिंतीला टाके घालून ठेवण्याचं ऑपरेशन असतं, नसबंदीच्या वेळीच उरकता येतं. पोट फुगणं त्याने थांबत नाही, पण पिळा बहुतेक वेळा टळतो. काका, याचा खर्च धरलाय का?

कट्टेकरी
धरलाय. शिवाय खाण्याचं भांडं उंच स्टुलावर ठेवणार आहे, त्याने पोटफुगी टळते ना?

मांजरप्रेमी_तरी
उलट! अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात उंच भांड्यांमुळे धोका वाढलेला दिसला होता. त्यावर नंतर मतमतांतरं झाली, पण "टळते" म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागा आणि खाल्ल्यावर तासभर हुंदडू देऊ नका.

नागपुरी_संत्री
आमच्याकडे डेनऐवजी सेंट बर्नार्ड घ्यायचं चाललंय. स्वभाव तसाच गरीब. एसी लावू की.

सातारी_तडका
नागपुरात?! स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवर 2469 मीटर उंचीच्या खिंडीतल्या मठात वाढलेली जात ती. मे महिन्यात तुम्हाला स्वतःला दुपारी बाहेर पडवत नाही. एसी खोलीत असतो, शी-शू रस्त्यावर असते. आणि वीज गेली की?

नागपुरी_संत्री
इन्व्हर्टर आहे. पण बहुतेक लोक इथे ठेवतातच की.

मांजरप्रेमी_तरी
ठेवतात, आणि उन्हाळाभर तो फरशीवर पसरून धापा टाकत असतो. स्वभाव गरीब आहे म्हणून तक्रार करत नाही एवढंच. यावर मी सातारींच्या बाजूने.

कट्टेकरी
सेंट बर्नार्डबद्दल माझंही तेच मत. डेनबद्दल मात्र मी ठाम आहे. पिल्लू बघायला रविवारी जातोय. ब्रीडर म्हणतो सहा आठवड्यांचं आहे, लगेच न्या.

मांजरप्रेमी_तरी
जाऊच नका. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी विचारा, पिल्लाची आई समोर आणायला सांगा, हृदयाची तपासणी केलीय का विचारा. या जातीत हृदय मोठं होण्याचा आजार घराण्यात चालतो.

सातारी_तडका
आणि रात्री दोनला ऑपरेशन करणारा दवाखाना आधी शोधा. पाटीवर "24 तास" असतं, सर्जन मात्र सकाळी दहाला येतो. फोन करून विचारा.

कट्टेकरी
दोन ठिकाणी केला. एकाने उचलला नाही, दुसरा म्हणाला "सकाळी आणा". तिसरीकडे उद्या करतो. रविवार रद्द, पण विचार रद्द नाही.