गावं आळसानं मरतात म्हणे!

कृष्णाकाठचा

परवा एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. लिहिणारे गृहस्थ मूळचे औंधचे, राहायला पुण्यात. यमाईच्या यात्रेला गावी आले आणि निकाल देऊन परत गेले: औंध, रहिमतपूर, म्हसवड, ओगलेवाडी ही गावं बसली ती आळसामुळे. पोरं कट्ट्यावर, म्हातारी पारावर, सगळ्यांचे डोळे सरकारकडे. पाचगणी बघा कशी चालते! खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. मी तिथं दोन ओळी लिहिल्या तर 'गावाबद्दल आपुलकी आहे म्हणून बोललो' एवढंच उत्तर मिळालं. म्हणून इथं सविस्तर.

पाचगणी इंग्रजांनी हवा बघून वसवली, मागोमाग बोर्डिंग शाळा आल्या. तिथली माणसं कष्टाळू असतीलच. पण औंधकरानं कितीही घाम गाळला तरी मे महिन्यात औंधची हवा थंड होणार नाही.

आणि औंध म्हणजे काय होतं हे त्या गृहस्थांना आजोबांनी सांगितलं नसेल का? ७२ गावांचं संस्थान, तेही तुकड्यातुकड्यांत: औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल खाली, गुणदाळ पार विजापूरकडे. राजधानी म्हणून गावात कचेऱ्या, न्यायालय, शाळा, पगारी माणसं. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं इथं प्रजेच्या हातात कारभार देणारी राज्यघटना आली. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकरांचं स्वाध्याय मंडळ इथंच होतं. १९४८ ला संस्थान विलीन झालं. त्याच साली सातवळेकर गुजरातेत पारडीला गेले. आणि तालुक्याची कचेरीसुद्धा औंधला मिळाली नाही, ती वडूजला. पगाराची माणसं एकदम उठून गेल्यावर शिंप्यानं कोट कुणाचे शिवायचे? वाण्यानं उधारी कुणाला द्यायची? यात आळस कुठं बसवायचा ते मला सांगा.

ओगलेवाडीचं तेच. तिथल्या ओगले काचकारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी घराघरात होता. घराघरात वीज आल्यावर कंदील कोण घेणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की असं गाव एकाच गोष्टीवर उभं असतं आणि ती गोष्ट काढून घेण्याचा निर्णय गावात होत नाही. तो दिल्लीत होतो, मुंबईत होतो, बाजारात होतो. मागे राहिलेल्यांना मग आळशी म्हणणं फार सोपं.

निवृत्त मास्तर

लेख छान. वर्गात वाचून दाखवला असता. पण किर्लोस्करवाडी सोयीस्कर विसरलात की.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर कुंडलजवळच्या माळावर आले तेव्हा तिथं निवडुंग आणि साप. ओगलेवाडीला कऱ्हाडसारखं गाव शेजारी आणि रेल्वे स्टेशन दारात. आज एक चालू, एक बंद. का? एकानं नांगरावरून पंपावर उडी मारली, दुसरा कंदील धरून बसला. बाजार बदलतो हे खरं, पण बदलत्या बाजारात माणूस काय करतो त्याला स्वभाव म्हणतात. मी अख्खी नोकरी खटाव-कोरेगावात काढली. बापाची मनीऑर्डर आली की पोरगा शाळा सोडून सलूनमध्ये. हे मी डोळ्यांनी बघितलंय, तुमच्यासारखं इतिहासाच्या पुस्तकात नाही.

कृष्णाकाठचा

मास्तर, किर्लोस्करांना तो माळ दिला कुणी? औंधच्याच राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. म्हणजे निर्णय घेणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता म्हणून वाडी उभी राहिली. तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय, धन्यवाद.

साताऱ्याचंही बघा. प्रिया स्कूटर साताऱ्यात तयार व्हायची. ते उत्पादन थांबलं म्हणून सातारा बसला का? नाही, कारण जिल्ह्याची कचेरी आहे, कोर्ट आहे, हायवे आहे. एक पाय गेला तरी बाकीचे आहेत. ओगलेवाडीला एकच होता.

माणदेशी गडी

तुमी दोघं कारखान्यावर भांडा. पाण्याचं कुणीच बोलत न्हाई.

फलटण पण संस्थानच हुतं की. त्येची बी राजधानी गेली. मग फलटण का बसलं न्हाई? नीरेचा उजवा कालवा. ऊस आला, साखरवाडीला कारखाना आला, बाजार राहिला. आमच्याकडं म्हसवडला सिद्धनाथाची यात्रा आन घोंगडी. राजेवाडीचा तलाव दुष्काळी कामातनं बांधला इंग्रजानं, आमच्या उशाला. पाणी कुठं? सांगोल्याकडं. आमी काठावर बसून बघायचं.

आटपाडीत टेंभूच्या उपसा योजनेचं पाणी आलं तवा त्याच 'आळशी' माणसांनी डाळिंबाच्या बागा उभ्या केल्या. काम सुरू १९९६ ला, पाणी शिवारात यायला पोरांची लग्नं झाली. जतचं तर बोलूच नका. २०२२ ला सीमेवरल्या गावांनी कर्नाटकात जायची भाषा केली, मगच म्हैसाळच्या वाढीव पाणी योजनेला मंजुरी निघाली. पाणी मागायला राज्य सोडायची धमकी द्यावी लागती हितं. मास्तर, ह्येला कंचा स्वभाव म्हंता?

विटा ते त्रिशूर

आळशी शब्द वाचला आणि दुकानात बसल्या बसल्या डोकं फिरलं.

आम्ही खानापूर तालुक्यातले, धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा. ७२ च्या दुष्काळात वडील गावातल्या एकाच्या मागे केरळात आले. सोन्याची भट्टी, तेजाबाचा धूर, पोटमाळ्यावर झोप. आज विटा, आटपाडी, तासगावची माणसं देशात जिथं जिथं सराफ बाजार आहे तिथं सापडतील. ही माणसं विट्यात असताना आळशी आणि त्रिशूरला उतरली की कष्टाळू? रेल्वेत काही फुंकर मारतात काय?

आणि आता विषय निघालाच आहे तर सांगतो. कुठंतरी चोरी होते, चोर म्हणतो अमक्या गलाईवाल्याकडं वितळवलं, आणि परराज्यातले पोलीस येऊन आमच्या माणसाला उचलतात. बिल दाखवा, वजन दाखवा, वर तेवढंच सोनं भरून द्या. दोन वेळा भरलंय. यावर गावाकडचा एक पुढारी तोंड उघडत नाही, सत्काराला मात्र बोलावतात. या विषयावर कुणी धागा काढेल का?

निवृत्त मास्तर

सोनेवाले भाऊ, तुमच्या कष्टाबद्दल शंका नाही. पण मिळवलेला पैसा गावात कशावर घातलात? कमान, मंदिराचा कळस आणि वर्षातले दहा महिने कुलूप असलेला बंगला. एक तरी कारखाना काढलात?

विटा ते त्रिशूर

बंगल्यावर बोलू नका, आईसाठी बांधलाय. कारखाना काढायला गावात कोण थांबलंय? पोरगी इथं मल्याळममध्ये बारावी झाली, तिला विट्यात आणून काय करू? आणि कमानीचं म्हणाल तर वर्गणी मागायला तुमच्यासारखेच मास्तर आले होते.

सांगलीवाडी

सांगली जिल्हा म्हणून नुसतं माणदेश चाललंय, म्हणून लिहितो. हरिपूरची पेवं आठवतात का? हळद जमिनीत पुरून वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं, पेवांतली हळद कुजली. २०१९ आणि २०२१ ला परत पूर. आमचं गाव पाणी नसल्यामुळं नाही, पाण्यामुळं बसतंय. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर मात्र बोलायचं नाही इथं, लगेच दोन गट पडतात.

पेठेतला प्रसाद

पाणी, कारखाना, संस्थान सगळं खरं असेल, पण छोट्या गावाची पेठ का मरते ते मी सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, भाऊबंद वाचतात.

भर पेठेत, रस्त्याला लागून आमचा दोन चौकांचा वाडा. मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबा. वारस मोजायला गेलं तर एसटी भरेल. पुण्याचे काका म्हणतात विका, बडोद्याचे म्हणतात ठेवा, आणि तीन आत्यांपैकी एकीची सही मिळत नाही. त्यामुळं विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, बँक कर्जाला दारात उभी करत नाही. गेल्या पावसात मागची भिंत रस्त्यावर आली तर नोटीस आली पणजोबांच्या नावानं! अशी सात-आठ घरं एका ओळीत असली की त्या पेठेत नवीन दुकान कोण टाकणार? मग दुकानं सरकतात बायपासला, पत्र्याच्या शेडमध्ये. लोक म्हणतात पेठ बसली. बसली नाही हो, अडकलीय. आत्यांना लग्नात सगळं दिलंय, एक हक्कसोड करून द्यायला काय जातं?

सुनंदा, मिरज

काय जातं? हक्क जातो, प्रसाद. नावातच आहे.

माझे वडील तासगावकडचे, द्राक्षबाग. ते गेल्यावर पहिल्याच भाऊबीजेला भावानं ओवाळणीच्या ताटात पेन ठेवलं आणि कागद पुढं केला. वहिनी म्हणाली, ताई, नुसती सही आहे. मी केली. पुढं माझा नवरा आजारी पडला तेव्हा त्याच भावाला पैसे मागितले, तर म्हणाला, बेदाण्याला यंदा दर नाही. आता सांग काय गेलं ते.

महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढाच हक्क आहे. बाप २००५ ला हयात होता की नव्हता हा वादही २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं संपवला. तुझ्या आत्या तर १९५६ च्या कायद्यानंही आपल्या बापाच्या वारस आहेत. पेठ तिच्या सहीमुळं अडकलेली नाही. तुमच्या काकांना तिला हिस्सा न देता विकायचंय म्हणून अडकलीय.

सदाभाऊ वाळवेकर

ताई, कायदा कायद्याच्या जागी. उद्या प्रत्येक बहिणीनं हिस्सा मागितला तर शेताचे तुकडे पडून काय राहणार? तुकडेबंदी उगाच केली का सरकारनं? गावं बसण्याचं हेही मोठं कारण आहे. आणि बहिणीचं माहेर तुटतं ते वेगळंच.

सुनंदा, मिरज

सदाभाऊ, चार भावांत चार तुकडे पडले तेव्हा तुकडेबंदी आठवली नाही, पाचवी बहीण आली की लगेच आठवली? आणि माहेर सही केल्यावरही तुटतं, माझ्याकडून ऐका.

सदाभाऊ वाळवेकर

तुमच्या भावाचा राग आमच्यावर काढू नका. सगळे भाऊ तसे नसतात. माझ्या बहिणींनी आनंदानं सही दिली.

सुनंदा, मिरज

आनंद त्यांनी लिहून दिलाय की तुम्ही सांगताय?

जुना वाईकर

वाड्यांचा विषय निघालाय तर अर्धंच का बोलता? ४८ ला गांधीहत्येनंतर ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली त्यात किती वाडे गेले आणि किती कुटुंबं रातोरात पुण्याला गेली? मग कूळकायदा. त्या घरांची मालकी आजही परगावी आहे. पेठा तेव्हाच रिकाम्या झाल्या.

माणदेशी गडी

काका, आजाच्या आजानं दुसऱ्याची जमीन कसली आन कायद्यानं ती त्येच्या नावावर झाली, ह्यात गाव बसलं न्हाई, गाव उठलं. जाळलं ते वाईटच झालं. पण दोन्ही एका वाक्यात घालू नगासा.

कृष्णाकाठचा

हा विषय इथंच थांबवूया. दर वेळी याच वळणावर धागा पेटतो आणि कुणाचंच काही हलत नाही. वाडे परगावच्या मालकीचे आहेत एवढं मात्र धरतो, कारण तो माझाच मुद्दा आहे: निर्णय घेणारा गावात नाही.

निवृत्त मास्तर

तुमचा मुद्दा म्हणजे मारुतीच्या शेपटासारखा, काहीही सापडलं की त्यात गुंडाळायचं. पूर आला, तुमचा मुद्दा. आत्या सही देत नाही, तोही तुमचाच मुद्दा. बरं, आळशी शब्द मागे घ्या म्हणत असाल तर घेतो, गलाईवाल्यांच्या पुरता. पण प्रसादच्या वाड्याचा निर्णय काही दिल्लीत अडकलेला नाही ना? सगळे वारस एका फोनच्या अंतरावर आहेत. आळस नाही म्हणता, मग याला काय म्हणायचं?

कृष्णाकाठचा

भाऊबंदकी. ती पुण्यातही आहे, मास्तर. तिथं जागेला भाव आहे म्हणून बिल्डर वारसांना शोधत फिरतो. इथं भाव नाही म्हणून भिंत पडायची वाट बघतात.

निवृत्त मास्तर

हे मात्र बरोबर बोललात. चुकून असेल.

पेठेतला प्रसाद

सुनंदाताई, तुमचं लागलं, पण सोडून देतो. खरंच विचारतोय, मार्ग काय? एकजण म्हणाला तहसीलदाराकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या.

सुनंदा, मिरज

ते शेतजमिनीला, तेही सगळ्यांची संमती असेल तर. वाड्याला नाही. आधी पणजोबांपासून खाली सगळ्यांची वारस नोंद करून घ्या, मृत्यूचे दाखले गोळा करा. तोंडी वाटण्या झाल्या असतील तर त्याचा कागद कुणाकडं आहे ते बघा. नाहीच जमलं तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा, आणि त्यात तुझी पोरं कॉलेजात जातील. त्यापेक्षा आत्याला फोन कर. सही मागायला नको करू, हिस्सा किती देणार ते सांगायला कर. बघ सही येते का नाही.

विटा ते त्रिशूर

प्रसादभाऊ, रस्त्याला लागून आहे म्हणालात. फ्रंट किती? विकायचं ठरलं तर कळवा. मास्तरांनी कारखाना काढ म्हटलंय.

पेठेतला प्रसाद

आधी पणजोबांना उताऱ्यावरून उतरू द्या, मग बोलू.