अनुभव धागा: शिकायला कुठल्या देशात जायचं, हे तुमचं कसं ठरलं?

नाशिक, एका आईचा प्रश्न

मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. मास्टर्सला बाहेर जायचं हे तिचं पक्कं आहे, कुठे जायचं ते नाही. दीर न्यू जर्सीत असतात, ते म्हणतात इकडेच पाठवा. तिच्या दोन मैत्रिणी डब्लिनला निघाल्या आहेत. आमचे हे 'जर्मनीत फी नाही' या एका वाक्यावर अडून बसलेत. दोन शैक्षणिक मेळाव्यांना जाऊन आलो. प्रत्येक टेबलावर त्यांचाच देश चांगला. पिशवीभर माहितीपत्रकं घरी आली आणि रात्री जेवताना पुन्हा तोच वाद.

कुठला देश पहिला आणि कुठला दुसरा, हे मला नको आहे. तुमचं कसं ठरलं ते लिहा. पैसा कुठून उभा केला, घरात कोण काय म्हणालं, आणि आज पुन्हा ठरवायची वेळ आली तर पहिला प्रश्न कुठला विचाराल. अनुभव वाईट असला तरी लिहा, तोच जास्त उपयोगी पडेल.

सांगलीचा, सध्या जर्मनीत, मेकॅनिकल

काकू, मी २०२३च्या ऑक्टोबरात आलो. 'फी नाही' हे बहुतेक सरकारी विद्यापीठांत खरं आहे. सेमिस्टरला तीनेकशे युरो भरायचे, आणि माझ्या राज्यात त्यातच रेल्वे-बसचा पास येतो. पण निघण्याआधी वर्षभराच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटला भरावी लागते. माझ्या वेळी ती ११,२०८ युरो होती, नंतर ११,९०४ झाली. पैसे आपलेच, पण महिन्याच्या हप्त्यानेच सुटतात, नव्या आकड्याप्रमाणे ९९२ युरो. तेव्हाच्या भावाने दहा लाख एकरकमी उभे करायचे होते. बाबा साखर कारखान्यात नोकरीला. त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढले. फुकट शिक्षणाची सुरुवात आमच्याकडे अशी झाली.

कागदपत्रांत सगळ्यात आधी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२२ पासून ते भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे, त्याशिवाय व्हिसाचं पान हलत नाही. मार्कांचं गणितही वेगळं. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. माझा दहापैकी ७.८ सीजीपीए तिकडे २.१ झाला. बरेच कोर्स २.५ पर्यंतच घेतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही कुठला विषय किती क्रेडिटचा शिकलात ते ताडून बघतात. मुलीचा सिलॅबस आणि त्यांची यादी शेजारी ठेवून रेघ न् रेघ बघा.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. माझ्या विद्यापीठात एका पेपरला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालं की तो कोर्सच संपला. माझा एक वर्गमित्र असाच बाहेर पडला. हुशार मुलगा, पण पहिल्या सेमिस्टरला रात्रपाळीत गोदामात काम करत होता. आपल्याकडे एटीकेटीची सवय असते, पुढच्या वेळी बघू म्हणतो. इथे ते 'पुढच्या वेळी' मोजलेलं असतं.

आणि घर. राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद करायची, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. मी ज्याच्या खोलीत गादी टाकून होतो, त्याचा मालक सही देईना. बँकेला पत्त्याची नोंद हवी, आणि खातं नाही तर ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता येणार कुठे? बाबांचे दहा लाख तिकडे पडून आणि मी साठ युरो पुरवून पुरवून वापरतोय, असे पाच आठवडे काढले. घरी फोनवर 'सगळं मस्त' म्हणायचो. शेवटी विद्यार्थी वसतिगृहात नंबर लागला. त्या खोलीची किल्ली हातात आली त्या दिवशी मी कॉरिडॉरमध्येच खाली बसून आईला फोन लावला.

पुन्हा ठरवायचं झालं तर देश हाच ठेवीन, पण जर्मन भाषा बी-१ पर्यंत, म्हणजे तिसऱ्या पायरीपर्यंत, करून येईन. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून मी ए-१ वर, पहिल्याच पायरीवर, थांबलो. अर्धवेळ इंजिनिअरिंगच्या कामाच्या जवळपास सगळ्या जाहिरातींत जर्मन मागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, तेही भाषा असेल तरच उपयोगाचे.

स्टुटगार्टहून, दोनच ओळी

वरच्या दादांना पुस्ती. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली. तेव्हा 'जर्मनी' असं ठरवू नका, राज्य आणि विद्यापीठ बघून ठरवा.

हिंगोली जिल्हा, लंडनला शिकून परतलो

माझ्या बाबतीत देश आधी ठरला नाही, शिष्यवृत्ती आधी ठरली. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाची, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. फी, निर्वाह भत्ता, विमानभाडं सगळं त्यात येतं. आई-वडील दोघं दुसऱ्याच्या शेतात जातात. बँकेचा माणूस 'तारण काय?' म्हणाला असता, तर आमच्याकडे दाखवायला पत्र्याचं घर होतं. या योजनेविषयी गावात कुणाला माहिती नव्हती. मला ती महाविद्यालयातल्या ग्रंथपाल सरांनी सांगितली आणि अर्जाच्या प्रिंट काढायला स्वतःच्या खिशातले पैसे दिले.

इंग्लंड का? मास्टर्स एका वर्षाचं. धाकट्या बहिणीचं शिक्षण व्हायचं होतं, दोन वर्षं घराबाहेर राहणं परवडत नव्हतं. अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता तिथे दोन वर्षं लागली असती. एवढं साधं कारण.

एक वर्ष म्हणजे किती कमी, हे तिथे गेल्यावर कळतं. सप्टेंबरात वर्ग सुरू होतात आणि ऑक्टोबरातच बरोबरची मुलं नोकरीचे अर्ज भरत असतात. मला तेव्हा लेक्चरमधलं इंग्रजी पकडता पकडता घाम फुटत होता. पहिल्या निबंधाला बावन्न मार्क पडले. आपल्याकडे बावन्न म्हणजे तोंड लपवायची पाळी, तिकडे पन्नासला पास आणि सत्तर म्हणजे फार वरचं. हे कळेपर्यंत मी दोन रात्री झोपलो नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी एकटाच किंग हेन्रीज रोडवर गेलो. १० नंबरचं घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. अरुंद जिना, लहान खोल्या. वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. ते शेतातून आले होते, हात-पाय धुतले नव्हते. 'थांब' म्हणाले, आत जाऊन हात-पाय-तोंड धुऊन, टोपी घालून परत फोनसमोर बसले. मग म्हणाले, आता दाखव. त्या दिवसानंतर मला मार्कांची भीती वाटली नाही.

खर्चाबद्दल: व्हिसासोबत आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो, २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या कोर्सला व्हिसा जास्त महिन्यांचा मिळतो म्हणून दीड वर्षाचे, १,१६४ पौंड होतात. शिकून झाल्यावर थांबायला दोन वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिनेच. मी थांबलो नाही. मला इथे येऊन काम करायचं होतं, आणि तेच करतोय. काकू, मुलीला परत यायचं आहे की तिकडे राहायचं आहे, हे एकदा शांतपणे विचारा. परत यायचं असेल तर तुमच्या वादातले अर्धे मुद्दे गळून पडतील.

नागपूर, अमेरिकेत पाच वर्षं

२०१९ ते २०२१ कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस. कर्ज ३८ लाख, वडिलांचं घर तारण. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या व्हिसाच्या मुलाखतीला आम्ही आदल्या दिवशीच जाऊन राहिलो. खिडकीसमोर दीड मिनिट, तीन प्रश्न, झालं. बाहेर बाबा रस्त्याच्या पलीकडे फाइल छातीशी धरून उभे होते. लांबूनच हात हलवला तर त्यांना वाटलं नाही मिळाला, आणि ते तिथेच कठड्यावर बसले.

पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीवर, एक वर्ष, आणि माझा विषय तंत्रज्ञानाचा म्हणून वर २४ महिने, असं तीन वर्षं काम करता आलं. या तीन वर्षांत एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नाव यावं लागतं. वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांना आणखी २०,०००. माझं नाव २०२२ला आलं नाही, २०२३ला नाही, २०२४लाही नाही. यात माझी चूक नव्हती आणि माझ्या हातातही काही नव्हतं. ऑगस्ट २०२४ला परत आलो. कर्ज मात्र त्या पगारातूनच फेडलं, शेवटचा हप्ता तिथूनच भरला.

तिथे मला जसं शिकवलं गेलं तसं कुठेच शिकलो नसतो, हेही तितकंच खरं. मी पुन्हा जाईन. पण वडिलांना आधी स्पष्ट सांगेन की तीन वर्षांनी परत यावं लागू शकतं, आणि त्या तीन वर्षांत फिटेल एवढंच कर्ज काढेन. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली, त्या रात्री तिथल्या मित्रांचे फोन पहाटेपर्यंत चालू होते. वर्षा-दोन वर्षांत नियम बदलतात, कर्जाचा करार बदलत नाही.

जळगाव, एका वडिलांकडून

ताई, आमचं कॅनडाचं ठरलं होतं. २०२४च्या सुरुवातीला तिकडे व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरवरून २०,६३५ केली, आणि नोव्हेंबरात व्हिसाचा जलद मार्ग, एसडीएस, बंद केला. एजंट म्हणत होता काही फरक पडत नाही, फक्त हे कॉलेज घ्या. कॉलेज कुठलं तर आम्ही नाव न ऐकलेलं, कोर्स मुलाच्या विषयाशी संबंध नसलेला. मी सरळ विचारलं, या कॉलेजकडून तुम्हाला किती मिळतात? त्याने चहा मागवला. उत्तर दिलं नाही. मी फाइल उचलली.

मुलगा आता पुण्यात नोकरी करतोय, दोन वर्षांनी स्वतःच्या अनुभवावर अर्ज करणार आहे. त्याची आई अजून माझ्यावर थोडी नाराज आहे.

लातूरची, डॉक्टर

मी युक्रेनमध्ये खारकीव्हला एमबीबीएसला होते, तिसऱ्या वर्षाला. नीटमध्ये पास होते, पण सरकारी जागेइतके मार्क नव्हते आणि खासगीची फी आवाक्याबाहेर. २४ फेब्रुवारी २०२२च्या पहाटे खिडक्या हादरल्या. सहा दिवस तळघरात काढले. २ मार्चला दूतावासाची सूचना आली, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझ्लुदोव्का गाठा. गाड्यांत आम्हाला चढता येईना, म्हणून चालत निघालो. माझ्या सॅकमध्ये मार्कलिस्टा, पासपोर्ट आणि आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बाटली होती. वाटेत ती चटणी आम्ही सहाजणींनी नुसती खाल्ली.

त्यानंतर दुसऱ्या देशातून शिक्षण पूर्ण केलं. युद्ध कुणाला आधी दिसत नाही, त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पण वैद्यकीयला जाणाऱ्यांनी भारतातला नियम वाचल्याशिवाय देश बघूच नये. २०२१च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या देशात तुम्हाला डॉक्टर म्हणून नोंदणी मिळू शकली पाहिजे. परत आल्यावर परवान्याची परीक्षा, पास व्हायला ३०० पैकी १५०. एखाद्या देशाचा कोर्स यात बसत नसेल, तर स्वस्त फी काय कामाची? माझ्या ओळखीत दोघी अशा अडकल्या आहेत. त्यांच्या घरी अजून पाहुण्यांना 'मुलगी डॉक्टर झाली' असंच सांगतात.

पुणे, जपान, भौतिकशास्त्र

जपानी मी हौस म्हणून शिकत होते. मेक्स्ट या जपान सरकारच्या शिष्यवृत्तीला दूतावासामार्फत अर्ज केला. फी माफ, सुरुवातीला महिना १,४३,००० येन. प्राध्यापकांना आधी पत्र लिहून होकार मिळवावा लागतो. मी अकरा जणांना लिहिलं, दोघांची उत्तरं आली. शाकाहारी असाल तर सूपमध्ये माशाचा अर्क असतोच, हे धरून चाला. बाकी मला काही तक्रार नाही. अशा शिष्यवृत्तीवाल्या देशांकडे आपले लोक बघतच नाहीत याचं वाईट वाटतं.

नाशिक, पुन्हा मी

काल रात्री सगळं तिघांनी मिळून मोठ्याने वाचलं. लंडनच्या दादांचं वाचताना हे मध्येच उठून पाणी प्यायला गेले.

मुलीला विचारलं, परत यायचंय का? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, चार-पाच वर्षं काम करून यायचंय, पण हे बोलले तर तुम्ही 'मग जातेस कशाला' म्हणाल असं वाटलं. दोन महिने आम्ही तिघं एका टेबलावर बसत होतो आणि हे तिने सांगितलं नव्हतं.

कर्ज जास्तीत जास्त किती, तो आकडा ह्यांनी कागदावर लिहून फ्रिजला लावलाय. अमेरिका त्यात बसत नाही, दिरांना मीच फोन करून सांगेन. जर्मनचे ए-२ आणि बी-१ चे वर्ग ती पुढच्या महिन्यापासून लावते आहे. ड्रेस्डेन किंवा केम्निट्झला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारं कुणी इथे आहे का? वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्राआधी करता येतो का, तेवढं सांगा.