मसाई मारा : रिझर्व्हला लागून राहावं की कन्झर्व्हन्सीत? पैसा खरंच मसाई लोकांपर्यंत जातो का?

रानवाट
ऑगस्टमध्ये केनियाला जायचं घाटतंय, आम्ही दोघं आणि आईबाबा. एजंटने दोन कोटेशन पाठवलीयत, एकात मारा नॅशनल रिझर्व्हच्या गेटजवळचं लॉज आहे आणि दुसऱ्यात नाबोइशो कन्झर्व्हन्सीतला कॅम्प, तो बराच महाग पडतोय. एजंटचं म्हणणं की दुसऱ्यातला पैसा तिथल्या गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांना जातो, प्राणी वाचतात वगैरे. पण हे तर प्रत्येक ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं! कुणाला जातो, किती नियमित जातो, आणि प्राण्यांसाठी म्हणून लोकांची गुरं हाकलून दिलीयत असं तर नाही ना? टांझानियात मसाईंना हटवल्याच्या बातम्या वाचल्यापासून मनात हेच घोळतंय. नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टही (ती गवतावर चरणारी मोठी हरणं) बघायचेत. कुणी माहितगार असेल तर सांगा प्लीज.

नैरोबीकर
इथे नोकरीला आहे, माराला जाणं होत असतं म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आधी जमीन कुणाची ते बघा. रिझर्व्ह साधारण 1,510 चौ. किमी आहे आणि ते नारोक काउंटी सरकारच्या ताब्यात आहे, तिथलं तिकीट काउंटीकडे जातं. कन्झर्व्हन्सी म्हणजे रिझर्व्हच्या उत्तरेला आणि पूर्वेला लागून असलेली मसाई कुटुंबांची खाजगी जमीन. पूर्वी ती ग्रुप रँच म्हणून सामाईक होती, नंतर तिची वाटणी होऊन प्रत्येकाच्या नावावर तुकडे झाले. तुकडे झाले की पुढचं ठरलेलंच असतं, कुणी कुंपण घालतो, कुणी विकतो, कुणी गव्हासाठी भाड्याने देतो. माराजवळच्या लोइटाच्या मैदानात 1970च्या दशकापासून हेच झालं, ट्रॅक्टर लावून गहू पेरला आणि तिथल्या स्थानिक वाइल्डबीस्टची संख्या पार कोसळली.

त्यावर उपाय म्हणून 2005-06च्या सुमारास ओल किन्येई आणि ओलारे ओरोक या कन्झर्व्हन्सी सुरू झाल्या. शेजारी शेजारी जमीन असलेले लोक एकत्र येतात आणि सगळी जमीन कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्याने देतात. भाडं एकरावर ठरतं आणि मालकाच्या बँक खात्यात जमा होतं, पाहुणे आले काय नि नाही आले काय. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण मसाई घरात खर्चाचे दिवस टूरिस्ट सीझन बघून येत नाहीत, शाळेची फी जानेवारीतच भरावी लागते. नाबोइशोत असे साधारण 500 जमीनमालक आहेत आणि 50,000 एकर जमीन. म्हणजे तुमच्या एजंटने सांगितलं ते खोटं नाही.

महाग का, तर गर्दीच ठेवत नाहीत म्हणून. ओल किन्येईत 700 एकरामागे एक तंबू असा हिशोब आहे. एका सिंहापाशी गाड्याही सहसा पाचच्या वर जाऊ देत नाहीत, रिझर्व्हमध्ये ऑगस्टात काय अवस्था असते ते फोटोत बघितलंच असेल.

गवताळ
नैरोबीकर दादांचं बरोबर आहे पण दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण हे सगळं गोड गोड नाहीये.

भाडं ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळतं आणि कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर आहेत. वाटणीच्या वेळी बायकांना, विधवांना क्वचितच काही मिळालं, आणि ज्या कुटुंबाला जमीनच मिळाली नाही त्यांच्या हाती भाडंही नाही. मण्यांचे दागिने विकणं, मन्याटा म्हणजे मसाई वस्ती दाखवणं यातून बायकांकडे थोडाफार पैसा येतो, त्यातही ड्रायव्हर आणि गाइड कमिशन कापतात अशी तक्रार मी तिथे खूप ऐकली.

दुसरं म्हणजे चराई. गुरं पूर्ण बंद नाहीत, ठराविक भागात ठराविक काळ पाळीपाळीने सोडतात, आणि नियम मोडला तर दंड. पाऊस चांगला असला की हे निभावतं. दुष्काळ पडला की मात्र गुराख्याला समोर हिरवं गवत दिसत असतं आणि आत जाता येत नाही, तेव्हा रात्री गायी घुसवतात आणि मग रेंजरशी भांडणं. ते रेंजरही बहुतेक त्याच गावांतले असतात, म्हणजे भाऊबंदकीच होते. शिवाय 2020मध्ये टूरिझम बंद पडलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी भाडं कमी केलं गेलं. म्हणजे सगळं एकाच धंद्यावर टांगून ठेवणं धोक्याचं आहे हो. तरीही मी असते तर कन्झर्व्हन्सीच निवडली असती, कारण जिथे ती नाही तिथे कुंपणं झपाट्याने वाढतायत.

चांदणी_७
टांझानियाचं विचारलंय म्हणून. तो प्रकार वेगळा आहे, तिथे निर्णय वरून येतो. 1959ला सेरेंगेटीतून मसाईंना काढलं तेव्हा न्गोरोंगोरोत राहता येईल असं सांगितलं होतं, आता तिथूनही त्यांना लांबच्या म्सोमेरा गावात हलवतायत. जून 2022मध्ये केनियाच्या सीमेजवळच्या लोलिओंडोत 1,500 चौ. किमी जमिनीवर सरकारने हद्दीचे खांब रोवायला घेतले तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला, जखमी माणसं उपचारासाठी सीमा ओलांडून केनियात आली. ऑगस्ट 2024मध्ये न्गोरोंगोरोत हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. प्राणी वाचवायचे म्हणून माणसाला त्याच्या घरातून उठवणं मला कधीच पटणार नाही, आणि गुरं आणि रानटी प्राणी तिथे पिढ्यानपिढ्या एकत्रच चरत आलेत.

आणि जमलं तर केनियातलंच अंबोसेलीही बघा. पार्क फक्त 392 चौ. किमीचं आहे, हत्ती बराच काळ आजूबाजूच्या मसाई जमिनीवरच असतात. तिथे 2007पासून लायन गार्डियन्स म्हणून काम चालतं, ज्या मोरान (तरुण मसाई योद्धे) पोरांना पूर्वी सिंह मारला की मान मिळायचा तीच पोरं आता सिंहांचा माग काढतात, गुराख्यांना आधीच सावध करतात, हरवलेली गुरं शोधून आणतात, बोमाची म्हणजे गुरांच्या वाड्याची काटेरी कुंपणं नीट करून देतात.

रानवाट
बापरे, एवढं सविस्तर! खूप आभार सगळ्यांचे. कन्झर्व्हन्सीच घेतो मग. पण क्रॉसिंगचं काय? आणि एजंटला नेमकं काय विचारू?

नैरोबीकर
क्रॉसिंग मुख्यतः रिझर्व्हमध्येच, तेव्हा एक अख्खा दिवस तिकडे ठेवा. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढ माणसाचं तिकीट दिवसाला 200 डॉलर आहे, जानेवारी ते जून 100, आणि ते 12 तासच चालतं, सकाळी 6 ते संध्याकाळी 6. कोटेशनमध्ये ते धरलंय का बघा, चार माणसांचे 800 होतात. उलट प्रकार मात्र चालत नाही, रिझर्व्हमध्ये राहून कन्झर्व्हन्सीत फिरता येत नाही. रात्रीची सफारी आणि पायी फिरणं कन्झर्व्हन्सीतच होतं.

एजंटला थेट विचारा की कॅम्प कन्झर्व्हन्सीचा सभासद आहे का, कारण काही लॉज हद्दीबाहेर बांधून नाव तेच लावतात. भाडं पाहुण्यांवर अवलंबून आहे की ठरलेलं, 2020मध्ये किती दिलं, आणि गाइड-स्टाफमध्ये तिथले किती, बायका किती. नीट चालणारा कॅम्प एका मेलमध्ये उत्तर देतो.

गवताळ
आणि दागिने घ्यायचे तर कॅम्पच्या दुकानातून नको, बायका स्वतः मांडून बसतात तिथून घ्या, पैसे त्यांच्याच हातात द्या.